बेटांचे टपाल आणि शेवटचा फर्लांग

टपालाच्या इतिहासात सर्वांत मोठी क्रांती ज्या तत्त्वाने घडविली, ते तत्त्व अंतराला हिशेबातून वगळण्याचे होते. रोलंड हिल यांच्या आग्रहाने १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशाच्या कोणत्याही टोकाला पत्र जाऊ लागले. हिंदुस्थानात १८५४ च्या कायद्याने हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर सर्व मुलखासाठी मुक्रर झाला. आणि १८७४ साली बर्न येथे जमलेल्या राष्ट्रांनी टपालापुरता आपणा सर्वांचा प्रदेश एकच मानावयाचा असा करार केला. पत्र धाडणारा राजधानीत राहतो की एखाद्या खडकाळ बेटावर, हा प्रश्न या तिन्ही निर्णयांनी गौण ठरविला. दर एक झाला, पण वेळ एक झाली नाही. बेटावरच्या रहिवाशाने तिकिटाचे पैसे इतरांइतकेच भरले आणि पत्राची वाट मात्र आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने पाहिली.

या विलंबाचे कारण विचारले असता कचेरीतून जे उत्तर मिळते ते सर्व देशांत आणि सर्व काळांत एकच आहे : हवामान प्रतिकूल होते. उत्तर खोटे नसते. वादळात होडी हाकारावी असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु निरनिराळ्या समुद्रांतील बेटांचा वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून वाचला, म्हणजे एक गोष्ट वारंवार समोर येते, ती अशी की, टपाल बहुधा शेकडो मैलांच्या प्रवासात अडत नाही. ते अडते जहाज आणि जमीन यांच्यामधील शेवटच्या फर्लांगात. खुल्या समुद्रात जहाज लाटेवर चढते आणि उतरते. पण तीच लाट उथळ पाण्यात आली की तिची उंची वाढते, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते, आणि फुटणाऱ्या लाटेत लहान होडी टिकत नाही. म्हणून हा फर्लांग कसा ओलांडावयाचा याची तजवीज ज्या बेटावर झाली तेथील विलंब दिवसांवर आला, आणि जेथे झाली नाही तेथे तो ऋतूंच्या मापाने मोजावा लागला. वाऱ्यावर माणसाचा अधिकार नाही. धक्क्यावर, होडीवर आणि करारावर तो आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या सेंट किल्डा या द्वीपसमूहाचे आहे. नॉर्थ यूस्ट या बेटापासून सुमारे ४० मैलांवर हिर्टा नावाचे त्याचे मुख्य बेट आहे, आणि तेथील एकमेव वस्ती ज्या उपसागराच्या काठी होती तो उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे. त्यामुळे वारा त्या दिशेने वाहू लागला की आलेल्या जहाजाला नांगर उचलून परत फिरणे भाग पडे. हिवाळ्यात अनेक महिने या लोकांचा जगाशी संबंध तुटलेला असे. १८७६-७७ साली जॉन सँड्स नावाचा पत्रकार या बेटावर अडकून पडला. त्यातच जानेवारी १८७७ मध्ये एक ऑस्ट्रियन जहाज तेथे फुटले आणि त्यावरील खलाशी बेटकऱ्यांच्या तुटपुंज्या धान्यसाठ्यावर येऊन पडले. तेव्हा सँड्सने जहाजावरील तरंगत्या कड्याला निरोप बांधून तो समुद्रात सोडला. तो नऊ दिवसांनी ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्याला लागला आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुटकेसाठी सरकारी जहाज आले. सरकारचे टपाल जेथे पोचत नव्हते तेथून एक निरोप निव्वळ प्रवाहाच्या आधाराने नऊ दिवसांत गेला, ही गोष्ट बेटकऱ्यांच्या मनावर ठसली नसती तरच नवल.

त्या प्रसंगातून तेथील प्रसिद्ध टपालहोडी निर्माण झाली. लाकडाचा एक हातभर तुकडा होडीच्या आकारात तासावयाचा, मध्ये खळगा कोरावयाचा, त्यात लहानशा डब्यात किंवा बाटलीत पत्र आणि तिकिटापुरते पैसे ठेवावयाचे, वर फळी ठोकून तिच्यावर 'कृपया उघडा' अशा अर्थाची अक्षरे तापल्या लोखंडाने डागावयाची, आणि मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा तरंगण्यासाठी तिला बांधावयाचा. वायव्येचा वारा सुटला की ही चिमुकली होडी पाण्यात सोडीत. त्यांतल्या बऱ्याचशा स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागत. काही थेट नॉर्वेला जात, आणि ज्याला ती सापडे तो अनोळखी मनुष्य आतल्या पत्राची टपालपेटीत रवानगी करी. १८८५ साली वादळाने पिके बुडाली तेव्हा मदतीची याचना याच मार्गाने गेली. या साधनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि आजही प्रवासी हौसेने अशा होड्या सोडतात. परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. वायव्येचा वारा पत्र बाहेर नेऊ शके, उत्तर आणू शकत नसे. बेट बोलू शकत होते, त्याला ऐकू मात्र काही येत नव्हते.

पुढे १९०० च्या सुमारास तेथे टपालकचेरी निघाली, लहानसा धक्काही बांधला गेला. परंतु तो इतका लहान होता की वाईट हवेत त्याचा उपयोग होत नसे, आणि हिवाळ्यातील टपाल मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरांच्या मेहेरबानीवर चालत राहिले. १९१३ साली बिनतारी यंत्र आले, तेही एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने. १९३० च्या मे महिन्यात बेटकऱ्यांनी आपणांस येथून हलवावे असा अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे 'हेअरबेल' या युद्धनौकेतून कायमची निघून गेली. त्यांच्या जाण्याला रोगराई, तरुणांचे स्थलांतर, उपजीविकेची ओढाताण अशी अनेक कारणे होती आणि टपाल हे त्यांतले एकच. तरीही औषध, डॉक्टर, बी-बियाणे आणि मुलांची खबर या सर्वांची वाट त्याच एका फर्लांगातून जात होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अंतर हा या प्रश्नाचा गाभा नव्हे, याचा दाखला आयर्लंडच्या नैर्ऋत्येस असलेल्या ग्रेट ब्लॅस्केट बेटाने दिला आहे. मुख्य भूमीपासून ते जेमतेम तीन मैल. स्वच्छ दिवशी पलीकडच्या गावातील घरे दिसावीत इतके जवळ. पण मधला प्रवाह वेगवान, दोन्ही काठ कड्यांचे, आणि होड्या म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले डांबरी कॅनव्हास. १९४६-४७ च्या हिवाळ्यात तेथे एक तरुण मेंदूज्वराने दगावला आणि हवेमुळे डॉक्टर येऊ शकला नाही. १९४७ च्या एप्रिलमध्ये वादळाने कोंडलेल्या बेटकऱ्यांनी अन्न धाडण्याची विनंती करणारी तार पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना केली. सरकारने विचार केला, पंतप्रधान स्वतः येऊन गेले, आणि १९५३ साली बेट रिकामे करण्यात आले. तीन मैलांचे पाणी राज्यसंस्थेला जिंकता आले नाही, हे वाचून मन खिन्न होते.

याच्या उलट टोकाला पॅसिफिकमधील टोंगा राज्याचे निउआफोऊ बेट. ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा उभा किनारा, बंदर नाही, नांगर धरील असा तळ नाही. १८८२ पासून तेथे चाललेली रीत अशी की जहाज किनाऱ्यापासून काही अंतरावर थांबे, टपाल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात झाळून पाण्यात सोडी, आणि बेटावरचे पोहणारे लाकडाच्या ओंडक्याच्या आधाराने येऊन डबा ओढून नेत. बाहेर जाणारी पत्रे मेणकागदात गुंडाळून काठीला बांधलेली असत आणि पोहणारा ती डोक्यावर धरी. १९३१ साली एका पोहणाऱ्याचा शार्कने बळी घेतला, त्यानंतर लहान नावा वापरू लागले. या 'डबाटपाला'ची कीर्ती इतकी झाली की प्रवासी जहाजे मुद्दाम तेथे वळू लागली आणि हौशी संग्राहक त्या शिक्क्यासाठी हजारो पाकिटे धाडू लागले. १९८३ साली धावपट्टी झाली आणि ही रीत संपली. जगाने ज्याचे चित्र म्हणून कौतुक केले, ते तेथील माणसाच्या जिवावरचे काम होते. ते बंद झाले याचा आनंदच मानला पाहिजे.

शेवटचा फर्लांग हवेतून उडून ओलांडावा ही कल्पनाही जुनी आहे. १९३४ च्या जुलैमध्ये गेरहार्ड झुकर या जर्मन प्रयोगकर्त्याने स्कॉटलंडमधील स्कार्प बेटावरून शेजारच्या हॅरिस बेटाकडे पत्रांनी भरलेला अग्निबाण सोडला. तो जागच्या जागी फुटला आणि पत्रे किनाऱ्यावर विखुरली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्याकडे स्टीफन स्मिथ यांनी गंगेच्या मुखाशी असलेल्या सागर बेटाच्या दिशेने जहाजावरून टपालबाण सोडला, तोही हवेतच फुटला. स्मिथ यांनी पुढे अनेक वर्षे चिकाटीने प्रयोग केले आणि १९९२ साली भारतीय टपालखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. दोन खंडांत, एकमेकांपासून दूर, एकाच वर्षी दोन माणसांना किनाऱ्यालगतची हीच चिंचोळी पट्टी सलावी, याला मी केवळ योगायोग मानीत नाही.

हवामान म्हणजे बेटावरचे आकाश, असा एक समज दूर राहणाऱ्यांत आढळतो. दक्षिण अटलांटिकमधील त्रिस्तान दा कुन्हा हे केपटाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटरांवरचे बेट पाहावे. तेथे ऊन पडलेले असते, वारा मंद असतो, आणि तरीही होडी पाण्यात घालता येत नाही. कारण हजारो किलोमीटर दूर उठलेल्या वादळाच्या लांबलचक लाटा कित्येक दिवसांचा प्रवास करून त्या किनाऱ्यावर फुटत असतात. १९६१ च्या उद्रेकानंतर इंग्लंडात नेलेले बेटकरी १९६३ साली हट्टाने परत गेले, आणि १९६७ साली तेथे लहान बंदर बांधले गेले. तरी आजही केपटाउनहून आलेले जहाज बाहेर उभे राहते, माल तराफ्यावर उतरवतात, आणि वर्षातून मोजके दिवसच हे काम होऊ शकते. जहाज येऊन, डोळ्यांसमोर दिवसेंदिवस उभे राहून टपाल उतरत नाही, यापेक्षा या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणारे दुसरे काही नसेल.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फूला आणि फेअर आइल या शेटलंडच्या बेटांकडे वळले की विलंबाची आणखी एक साखळी दिसते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. फूलाला सुरक्षित बंदर नसल्यामुळे होडी प्रत्येक खेपेनंतर पाण्याबाहेर उचलून ठेवावी लागते. उचलता यावी म्हणून ती लहान असावी लागते. लहान असल्यामुळे तिला मध्यम हवेतही निघता येत नाही. म्हणजे जो दिवस मोठ्या होडीला चालला असता तो 'वाईट हवेचा दिवस' म्हणून दफ्तरात नोंदला जातो. फेअर आइलची 'गुड शेफर्ड' ही बोटदेखील अशीच हिवाळ्यात उतरणीवर ओढून ठेवली जाते. बंदराची उणीव होडीच्या आकारात आणि होडीचा आकार हवामानाच्या नोंदीत असा रूपांतरित होतो. २०२३ साली ब्रिटिश सरकारने फेअर आइलची नवी बोट आणि बंदरसुधारणा यांसाठी सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मंजूर केले. तेथे राहणारी माणसे शंभराच्याही आत आहेत. माणशी खर्च मोजणाऱ्याला ही रक्कम अवाच्या सवा वाटेल. परंतु एकच दर घेणाऱ्या राज्याने पत्करलेल्या जबाबदारीचे हे मोल आहे, आणि ते उशिरा का होईना मान्य झाले.

आपल्या कोकणाला हा अनुभव अगदीच परका नाही. कोकण बेट नव्हे. परंतु सह्याद्रीमुळे आणि खाड्यांमुळे किनाऱ्यावरची गावे जवळजवळ बेटासारखीच असत, आणि मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणारी आगबोट हाच त्यांचा हमरस्ता होता. बहुतेक ठिकाणी आगबोट बाहेर दर्यात उभी राही आणि उतारू, सामान व टपालाच्या थैल्या पडावांतून काठाला येत. पडावाचा तांडेल लाट मोजून उभा असे आणि पडाव वर आला त्या क्षणी थैली खाली सोडली जाई. पावसाळा तोंडावर आला की आगबोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होत. या मधल्या काळात टपाल घाटमार्गे येई. कोकणाला घाट होता, उशिराने का होईना गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर घरी पोचे. ज्या मुलखाला घाट नाही त्याची कल्पना यावरून करावी. आणि हवेला न जुमानता बोट हाकारल्यास काय होते हेही आपण पाहिले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा बोट सोडावयाची की नाही हा निर्णय सारंगाचाच राहिला पाहिजे, आणि त्याच्यावर वेळापत्रकाचा दाब कधीही येता कामा नये.

भारतात आज हा प्रश्न त्याच्या संपूर्ण स्वरूपात कोठे असेल तर लक्षद्वीपात. दहा वस्तीची बेटे, २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ६४,४७३ माणसे, केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर अंतर. आगबोटींपूर्वी ओडम नावाची लाकडी शिडाची गलबते काथ्या आणि खोबरे घेऊन मंगळूर-मलबारला जात व तांदूळ घेऊन परतत. मे महिन्यात ती काठावर ओढली गेली की नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरेपर्यंत बेटे आपापली एकटी असत. सरकारी अंमलदारांच्या फेऱ्याही उघडिपीच्या हंगामातच होत. १९५६ साली केंद्रशासित प्रदेश झाल्यावर आणि १९६४ साली प्रशासनाचे ठाणे कोझिकोडहून कवरत्तीला हलल्यावर ही स्थिती पालटू लागली. कोचीहून चालणारी जहाजे आली, १९८८ साली अगत्तीला विमानतळ झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये समुद्राखालची तारही पोचली.

तरी शेवटचा फर्लांग तेथेही आहे. या प्रवाळद्वीपांची रचना अशी की पश्चिमेस उथळ खारकच्छ आणि त्याभोवती प्रवाळभित्ती, पूर्वेस एकदम खोल पाणी. मोठे जहाज खारकच्छात शिरू शकत नाही. ते बाहेर थांबते आणि लहान होडी त्याच्या कुशीला लावून माणसे हातांनी धरून उतरवून घेतात. पावसाळ्यात लाटा पश्चिमेकडून येतात, प्रवाळभित्तीतील प्रवेशमार्ग फेसाने झाकला जातो, आणि मग पूर्वेची, वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरावी लागते. म्हणून अनेक बेटांवर पूर्वेकडे धक्के बांधण्यात आले. ज्या आंद्रोत बेटाला खारकच्छाचा आधार जवळजवळ नाहीच, तेथे लाटारोधक भिंत घालावी लागली. हे काम शहाणपणाचे होते. पण एप्रिल-मे महिन्यांत, पावसाळ्यापूर्वीच, दक्षिण महासागरातील दूरच्या वादळांच्या लाटा शांत आकाशाखाली या किनाऱ्यांवर येऊन आदळतात; मलबारचे कोळी त्यांना 'कळ्ळक्कडल' म्हणतात. हैदराबादची सागरी माहिती संस्था त्यांची पूर्वसूचना आता काही दिवस आधी देऊ शकते, आणि टपालाच्या दृष्टीने या सूचनेचे मोल फार मोठे आहे. कारण थैली केव्हा येणार नाही हे आधी कळले, तर औषध मागविणारा आणि परीक्षेच्या प्रवेशपत्राची वाट पाहणारा दुसरी सोय करू शकतो.

विमानाने हा प्रश्न सुटला असे मानणे घाईचे होईल. १९३४ साली ऑर्कनीला विमानाने टपाल नेण्यास आरंभ झाला आणि समुद्राची लहर बरीचशी निष्प्रभ झाली. पण धुके आणि आडवे वारे यांनी विमानेही अडतात, आणि जड पार्सले शेवटी होडीतूनच येतात. अलीकडे स्कॉटलंडच्या बेटांवर आणि उत्तर समुद्रातील जर्मनीच्या युइस्ट बेटावर वैमानिकाविना उडणाऱ्या ड्रोनांनी टपाल व औषधे नेऊन पाहिली आहेत. तूर्त ते हलक्या ओझ्यापुरते साधन आहे. पत्रे कमी झाली म्हणून टपालाचे महत्त्व गेले, असेही म्हणवत नाही. चष्मा, यंत्राचा सुटा भाग आणि इन्सुलिन ही तारेतून जात नाहीत.

युरोपीय संघाचे टपालाचे नियम कामाच्या दिवसांत रोजच्या वाटपाची हमी देतात आणि त्याच कलमात असाधारण भौगोलिक परिस्थितीचा अपवादही ठेवतात. हा अपवाद न्याय्य आहे. पण ज्या अपवादाची मोजदाद होत नाही तो हळूहळू नियम बनतो. 'हवामान' या एका शेऱ्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी दडतात : समुद्र खरोखरच अशक्य होता, होडी लहान पडली, धक्का चुकीच्या बाजूस होता, किंवा जहाजच दुरुस्तीला गेले होते. पहिलीला इलाज नाही, उरलेल्या तिहींना आहे. यासाठी भारतीय टपालखात्याने आणि लक्षद्वीप प्रशासनाने मिळून प्रत्येक बेटाचा असा तक्ता ठेवावा की टपाल कोणत्या दिवशी पोचले नाही, या चारांपैकी कोणत्या कारणाने पोचले नाही, आणि थैली किती दिवस कोचीत व किती दिवस बेटासमोरच्या जहाजात राहिली. तो तक्ता बेटावरच्या प्रत्येक टपालकचेरीच्या दारावर लावावा, आणि त्याचा आरंभ येत्या पावसाळ्यापासूनच करावा.